बर्फावरचा संकल्प

दिवाळीचा फराळ सरत आला की मध्यमवर्गीय मराठी घरांतून हिवाळी प्रवासाचे बेत सुरू होतात. गेल्या काही वर्षांत या बेतांमध्ये गुलमर्ग आणि औली ही नावे हटकून येऊ लागली आहेत. 'यंदा स्कीइंग शिकायचेच' असे घरातील तरुण उत्साहाने जाहीर करतात. डोळ्यांसमोर असतात त्या आल्प्सच्या उतारांवरून पंख फुटल्यासारखे झेपावणाऱ्या खेळाडूंच्या चित्रफिती. प्रत्यक्षात घडते ते असे की भाड्याचे जड बूट चढवले जातात, तासभर कोणीतरी हात धरून ओढतो, दहा-बारा छायाचित्रे निघतात आणि सुजलेला गुडघा सांभाळत मंडळी परततात. पुढच्या वर्षी पुन्हा तीच घोषणा होते. दोष उत्साहाचा नाही. इच्छेलाच संकल्प समजण्याची जी सवय समाजाला जडली आहे, तिचा हा दोष आहे.

वास्तविक संकल्प म्हणजे काय, हे हिंदू घराला निराळे शिकवण्याची आवश्यकता नाही. साध्या पूजेच्या आरंभी पळीभर पाणी सोडतानाही देश, काल, कर्ता आणि कर्म यांचा स्पष्ट उच्चार होतो. कोठे, केव्हा, कोण आणि नेमके काय करणार, हे ठरल्यावाचून पाणी सुटत नाही. हिमउतारावर जाणाऱ्याने हीच रीत अवलंबिली, तर त्याचा निम्मा गोंधळ पुण्या-मुंबईतच संपेल.

काळाचे उदाहरण पाहावे. हिमालयातील हंगाम साधारण जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंतचा, परंतु तोही आता भरवशाचा राहिलेला नाही. २०२५ साली गुलमर्गमधील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नसल्याने पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये पार पडल्या. राष्ट्रीय स्पर्धेची ही स्थिती, तर चार दिवसांच्या रजेवर निघालेल्या कुटुंबाची काय कथा! म्हणून ध्येय असे असावे की बर्फ कमी मिळाला तरी ते सर्वस्वी व्यर्थ जाऊ नये. अशा ध्येयाचा मोठा भाग बर्फावर नव्हे, घरी पूर्ण करावयाचा असतो.

स्कीइंगमध्ये सर्वाधिक भार येतो तो मांड्यांवर. गुडघे वाकवून, नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून तासन् तास उभे राहावे लागते. मांड्या थकल्या की शरीर मागे कलते, भार पट्ट्यांच्या शेपटाकडे जातो आणि ताबा सुटतो. नवशिक्याची बहुतेक पडझड या एकाच कारणाने होते. यावरचा उपाय आखाड्याने केव्हाच सांगून ठेवला आहे. दोन महिने नित्यनेमाने घातलेल्या बैठका महागड्या हातमोज्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतात. भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीवर बसल्यासारखे स्थिर राहण्याचा अभ्यासही करावा. सिंहगड किती मिनिटांत चढलो याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो सावकाश, गुडघ्यांत लवून उतरण्याचा सराव करावा. स्कीइंग हा उतरण्याचा खेळ आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

आता कर्म. पहिल्या हंगामात 'शिखरावरून खाली येईन' हे ध्येय नव्हे, ती फुशारकी आहे. कुशीवर पडावे कसे, पट्ट्या उताराला आडव्या धरून उठावे कसे, पट्ट्यांची टोके जवळ व मागची बाजू दूर करून पाचरीसारखा आकार देत थांबावे कसे, एवढे आले तरी पुष्कळ झाले. सौम्य उतारावर डावीकडे पाच आणि उजवीकडे पाच वळणे न पडता घेणे व सांगितलेल्या जागी थांबणे, हे दोन आठवड्यांच्या प्राथमिक वर्गासाठी उत्तम ध्येय होय. ते मोजता येते, आणि ते दुसऱ्या कोणाच्या कौशल्यावर अवलंबून नसते. ज्याला एवढे येते त्याने वेगाच्या मागे न लागता आपल्या दुबळ्या बाजूच्या वळणाकडे लक्ष द्यावे. काय करणार नाही, हेही संकल्पात हवे. आखलेल्या उताराबाहेर, मार्गदर्शकाविना पाऊल टाकू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळ हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला, आणि असे परदेशी पाहुणे बहुधा नवशिके नसतात.

छोट्या ध्येयाचे हसू येणाऱ्यांनी २०२२ चे बीजिंग आठवावे. गलवानच्या संघर्षात सहभागी असलेल्या सेनाधिकाऱ्याच्या हाती चीनने ऑलिंपिकची मशाल दिली. आपले वीस जवान जेथे धारातीर्थी पडले, त्या प्रसंगाचे असे प्रदर्शन झाल्यावर भारताने उद्घाटन व समारोप सोहळ्यांवर राजनैतिक बहिष्कार घातला, तो योग्यच होता. त्या सोहळ्यात तिरंगा घेऊन चालला तो गुलमर्गच्या परिसरात वाढलेला आरिफ खान, त्या स्पर्धेतील भारताचा एकमेव खेळाडू. जायंट स्लॅलममध्ये त्याला पंचेचाळिसावे स्थान मिळाले. वृत्तपत्र चाळणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटला असेल. परंतु त्या दिवशी सतत हिमवर्षाव होत होता, समोरचे धड दिसत नव्हते आणि कित्येक नामांकित खेळाडू शर्यत पूर्णही करू शकले नव्हते. अशा उतारावर दोन्ही फेऱ्या पूर्ण करून खाली येणे हेच यश होते. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये त्याला शर्यत पुरी करता आली नाही. या खेळात दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात वाट्याला येतात.

हा धनिकांचा, परदेशी खेळ आहे, त्यात आपल्या मुलांनी वेळ का दवडावा, असाही आक्षेप घेतला जातो. खर्चाविषयीचे म्हणणे खोटे नाही. परदेशीपणाचे मात्र खरे नाही. गुलमर्गला सैन्याची स्की शाळा १९४८ साली, काश्मीरचे युद्ध चालू असतानाच, थिमय्यांच्या काळात उभी राहिली. तिचेच रूप म्हणजे आजचे उच्च पर्वतीय युद्ध प्रशिक्षण विद्यालय. ज्या राष्ट्राच्या सीमेचा मोठा भाग हिमाच्छादित आहे, त्याच्या तरुणांना बर्फावर उभेही राहता येऊ नये, हे भूषणावह नव्हे. थिमय्या कोडगूचे. खेलो इंडिया स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंगची सुवर्णपदके मिळवणारी भवानी तेक्कडा नंजुंडा हीदेखील कोडगूचीच. कॉफीच्या मळ्यांच्या त्या प्रदेशात बर्फ पडत नाही, कोकणातही पडत नाही.

एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हत्याकांडानंतर काश्मीरला जावे की नाही, हा प्रश्न अनेक घरांत निघतो. महाराष्ट्रातील सहा जण त्यात मारले गेले. तेव्हा मातापित्यांच्या काळजीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्यांचे मन होत नाही त्यांच्यासाठी औली आहे, मनालीची अटलजींच्या नावाची पर्वतारोहण संस्था आहे. जे गुलमर्गला जातील त्यांनी प्रेक्षक म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून जावे आणि सकाळी वर्गाला वेळेवर उभे राहावे.

अशा वर्गांच्या अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, आणि जागा लवकर भरतात. रोज किती बैठका घातल्या, हे त्या अर्जात कोणी विचारत नाही. तो आकडा घरच्या वहीत लिहायचा असतो, आणि त्या वहीचे पहिले पान दिवाळीच्या आठवड्यातच भरलेले असावे.