वणवा आणि अंकुर

फाल्गुन सरला की ठाणे जिल्ह्यातील डोंगरांवरचे गवत वाळून सोन्यासारखे पिवळे होते. अशा दिवसांत येऊरच्या टेकड्यांवर, मुंब्र्याच्या डोंगरावर किंवा कल्याणच्या दक्षिणेकडील मलंगगडाच्या उतारावर रात्री एखादी लाल रेषा सरकताना दिसते. तो वणवा होय. सकाळी पाहावे, तो उतार काळाठिक्कर पडलेला असतो. पावसाळा लागताच मात्र तोच डोंगर हिरवा दिसू लागतो. ते पाहून पुष्कळ लोक म्हणतात, "वणव्याने काय बिघडले? गवत तर अधिकच जोमाने आले!" हे म्हणणे वरवर खरे वाटते, परंतु ते तपासून पाहिले पाहिजे.

डोंगर पुन्हा हिरवा होतो, तो कोणाच्या बळावर? आगीची धग जमिनीत फार खोल जात नाही. वरचे खोड जळाले, तरी खालचे मूळ बहुधा जिवंत राहते. मग पळसाच्या मुळांतून नवे कोंब निघतात. सागाच्या आणि ऐनाच्या बुंध्याशी फुटवे येतात. मुळात साठवलेले अन्न हीच या झाडांची पुंजी.

अमेरिकेतील ॲस्पेन वृक्षाचीही हीच रीत आहे. उंच पर्वतांवरील सूचिपर्णी अरण्ये जळाली की, तेथे या वृक्षाच्या मुळांतून असंख्य कोंब वर येतात. १९८८ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे एक तृतीयांश भाग आगीत सापडला. त्यानंतर तेथेही ॲस्पेन उगवला. परंतु एल्क जातीच्या हरणांनी त्याचे कोंब खुडून खाल्ले आणि पुष्कळ ठिकाणी ते खुरटेच राहिले. उगवणे निराळे आणि वाढणे निराळे, हाच यातील बोध.

शिवाय, त्या अरण्यांत मोठी आग पुष्कळ वर्षांनी एकदा लागते. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातून लागतात आणि तेच ते उतार वारंवार जळतात. पुंजीत भर न घालता रोज खर्च करणारा धनिकही अखेर दरिद्री होतो. मग मुळांची काय कथा? चिवट झाडे कशीबशी तगतात, नाजूक रोपे नाहीशी होतात. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात. उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहून जाते. हिरवे गवत ही हानी झाकते. ती भरून काढत नाही.

जळलेल्या डोंगरावर खड्डे खणून रोपे लावण्याची घाई केली जाते. हेतू चांगला असतो. पण जेथे मुळे जिवंत आहेत, तेथे आधी त्यांचे रक्षण केले पाहिजे. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढाव्यात, फुटवे गुरांच्या तोंडी लागू देऊ नयेत आणि मुळे उरलीच नसतील तेथे रोपे लावावीत. गुरांना चारा हवा, हे खरेच. परंतु गवत कापून नेता येते, त्यासाठी डोंगर जाळावा लागत नाही. राखीव वनात आग लावणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वये अपराधही आहे.

तथापि केवळ कायद्याने वने वाचत नाहीत. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या दाट वस्तीला हे डोंगर सावली व शुद्ध हवा देतात. त्या मोबदल्यात ते मागतात एवढेच, की वणव्यानंतर फुटलेल्या अंकुराला वृक्ष होईपर्यंत अवसर मिळावा. तो देणे हे नागरिकांचे कर्तव्य होय.