हंसावें, पण कोणाला?

जत्रेच्या तमाशांत सोंगाड्या उभा राहिला कीं आमच्या शेतकरी बांधवांचा दिवसभराचा शीण उतरतो. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. पण तो कोणाची टर उडवितो, इकडे वाचकांनीं लक्ष द्यावें.

आमच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट सांगतों. एका जत्रेंत सोंगाड्यानें गांवांतल्या कर्जबाजारी कुंभाराच्या फाटक्या बंडीची आणि लंगड्या पायाची नक्कल केली. व्याजापायीं त्याचें घर गिळणारा सावकार पुढें गादीवर बसून पोट धरून हंसला. त्याच्यामागें सारा गांव हंसला. कुंभाराचा मुलगा आमच्या वर्गांत होता. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत आला नाहीं, पुढेंही आला नाहीं. आम्हीं घरीं जाऊन समजूत घातली, ती व्यर्थ गेली. त्या रात्रीं आम्हीही हंसलों होतों, हें लपवीत नाहीं.

मग विनोद टाकून द्यावा काय? मुळींच नाहीं. संस्कृत नाटकांतला विदूषक बहुधा राजाचा सोबती, खाण्यावर टपलेला ब्राह्मण. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिलें, त्यांत त्यांनीं विदूषकाला रयतेच्या बाजूस आणलें. जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीति घालून नवराबायकोला खर्चांत पाडतो, आणि विदूषक मध्येंच बोलून त्याची लबाडी उघडी करतो. दक्षिणा प्राइज कमिटीनें हें नाटक नाकारलें, यांत नवल तें काय? पुढें १९१३ सालीं ‘दीनमित्र’कार मुकुंदराव पाटलांनीं ‘कुलकर्णी लीलामृत’ काढलें. पोथीचीच ओवी घेऊन त्यांनीं कुलकर्ण्याच्या लेखणीच्या करामती गायिल्या.

या विनोदाचें काम काय? जोशाचें भांडवल पंचांग नव्हे, आपली भीति. भ्यालेला माणूस हिशेब मागत नाहीं. तो एकदां हंसला कीं जीभ सुटते, आणि तो विचारतो, ‘महाराज, माझी दक्षिणा शनीपर्यंत पोंचते कशी?’ काळ बदलला, भीति विकणारे बदलले. धंदा तोच आहे. लुळ्यापांगळ्यांची नक्कल करून असा एकही प्रश्न उठत नाहीं. उलट सावकार निर्धास्त होतो.

पण नुसतें हंसून भागत नाहीं. जोतीरावांच्या नाटकाच्या शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत शिकण्यास निघतें. रात्रीं हंसून सकाळीं त्याच बुवाच्या पायां पडलों, तर विदूषकाचे श्रम मातींत गेले म्हणावयाचे.

म्हणून जत्रा भरविणाऱ्या मंडळींस आमची विनंति आहे. तमाशाची सुपारी देतांनाच बजावावें कीं, नक्कल करावयाची तर गादीवर बसलेल्याची करा. त्यास सोंगाड्या भीत असेल, तर प्रेक्षकांनीं एवढें तरी करावें: गरिबाची टर उडाली कीं हंसूं नये. त्या रात्रीं आम्ही चारपांच जण जरी गप्प बसलों असतों, तरी तें पोर कदाचित् पाटी घेऊन पुन्हां आलें असतें.