राणी पाकोळी आपल्याच परसातली

शासनाने २०१५ साली ‘ब्लू मॉर्मन’ या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. मराठीत तिला राणी पाकोळी म्हणतात. पण हीच राणी अळीच्या रूपात परसातल्या लिंबावर दिसली, की आपण लगेच पंप पाठीला लावतो. याचा विचार व्हायला हवा.

पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटीमीटर. रंग मखमली काळा, मागच्या पंखांवर फिकट निळा पट्टा आणि त्यावर काळे ठिपके. रानवाटेने, वहाळाच्या कडेने ती झपाट्याने उडते. फुलातला रस घेतानाही पंख फडफडतच असतात. नर ओल्या मातीवर बसून क्षार शोषतात.

मादी माकडलिंबू, लिंबू, पपनस अशा झाडांच्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. डिवचली तर डोक्यामागून शिंगासारखा अवयव काढून उग्र वास सोडते.

शेतकरी बंधू विचारतील, “साहेब, अळीनं रोपच खाल्लं तर?” प्रश्न रास्त आहे. नव्या लागवडीत पालवी राखावीच लागते. तिथे मुख्य नुकसान करते ते नेहमीचे काळे-पिवळे लिंबू फुलपाखरू. दोघांच्या लहान अळ्या सारख्याच दिसतात, म्हणून ओळखत बसू नका. अळ्या हाताने वेचा आणि परसातल्या जुन्या झाडावर सोडा. चार पानं गेली म्हणून मोठं झाड मरत नाही. रोपं जास्त असतील तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. जहाल औषधाने अळ्यांवर जगणारे मित्रकीटकही मरतात आणि नुकसान शेवटी आपलंच होतं.

दुसरी गोष्ट ग्रामपंचायतीची. माकडलिंबाला बाजारभाव नाही, म्हणून साफसफाईत त्यावर कोयता चालतो. देवराईत आणि वहाळाकाठी तो राखला पाहिजे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. ही नोंदवही कपाटात ठेवण्यासाठी नाही. सरपंच आणि सदस्यांनी येत्या ग्रामसभेत ती बाहेर काढावी. माकडलिंबू गावात कुठे कुठे उभा आहे, हे जाणत्या माणसांना विचारून तिच्यात लिहावे. याला निधी लागत नाही, एक सकाळ पुरते.