पगारावर टाच? आधी हुकूमनामा दाखवा!

"उद्या तुमच्या कंपनीला पत्र जाईल. पहिल्या तारखेपासून पगार थेट बँकेत जमा होईल." फोनवरचा वसुली एजंट एवढे बोलून थांबतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडचे पाणी पळते.

चंडीगडच्या सेक्टर ३९ मधील वरच्या मजल्यावरची एक भाड्याची खोली डोळ्यांपुढे आणा. जळगावकडचा एक तरुण तिथे राहतो आणि मोहालीत नोकरी करतो. उदाहरण कल्पनेतले आहे, पण असे घर वाचकांच्या नात्यागोत्यात एखादे तरी निघेल. अभियांत्रिकीसाठी चार लाखांचे शैक्षणिक कर्ज काढले, पदवीनंतर दीड वर्ष नोकरी नव्हती, हप्ते थकले आणि व्याज चढत गेले. आता पगार ३१ हजार. त्यातच खोलीचे भाडे, मेस आणि धाकट्या बहिणीची फी. एजंटचा फोन आला त्याच रात्री त्याने घरी कळवले. निवृत्त शिक्षक असलेल्या वडिलांनी पगाराचे विचारलेच नाही. ते म्हणाले, "अरे, माझं पेन्शनही घेतील का रे?" कर्जाच्या कागदावर सहकर्जदार म्हणून त्यांची सही होती.

वडिलांची भीती निराधार नाही. २००१ साली देशातील बँकांसाठी जी आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली, तिच्यात चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, पण आई किंवा वडील विद्यार्थ्याबरोबर कर्जदार होतात. मुलाने फेडले नाही तर बँक त्यांच्याकडेही मागू शकते. मात्र मागणे वेगळे आणि कापून घेणे वेगळे. फोनवर नेमका हाच फरक झाकला जातो.

बँकेच्या साध्या पत्रावरून कोणत्याही कंपनीला कर्मचाऱ्याचा पगार कापता येत नाही. त्यासाठी बँकेने आधी दावा लावावा लागतो. थकलेली रक्कम वीस लाखांपेक्षा कमी असेल तर दिवाणी न्यायालयात आणि त्याहून अधिक असेल तर कर्जवसुली न्यायाधिकरणात. (ही मर्यादा २०१८ पर्यंत दहा लाख होती.) दाव्याचा निकाल लागून हुकूमनामा झाला, त्याची अंमलबजावणी बँकेने मागितली, की मग न्यायालय कंपनीला पगारातून रक्कम कापण्याचा आदेश देते. तो मात्र टाळता येत नाही. जळगावच्या कोर्टाला मोहालीच्या खासगी कंपनीला असा आदेश थेट देता येत नाही, त्यासाठी हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे पाठवावा लागतो; पण तिथून आलेला आदेश कंपनीने डावलला तर रक्कम तिच्याच अंगावर येते.

तरीसुद्धा सगळा पगार जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. आपल्या तरुणाचा हिशेब मांडू. ३१ हजारांतले एक हजार बाजूला. उरलेल्या तीस हजारांतले वीस हजार सुरक्षित. म्हणजे २१ हजार त्याच्या हातात पडणारच. फार तर दहा हजार कापले जातील. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण चोवीस महिनेच चालते, त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा मोकळा होतो. अर्थात कर्ज त्याने संपत नाही आणि इतर मालमत्तेवर टाच आणण्याचा मार्ग बँकेला खुला राहतो.

आणि वडिलांचे पेन्शन? त्याच कलमाने निवृत्तिवेतनधारकाचे पेन्शन आणि ग्रॅच्युइटी टाचेबाहेर ठेवली आहे. भविष्य निर्वाह निधीलाही वेगळ्या कायद्याने असेच संरक्षण आहे. हे उत्तर त्या रात्री कोणी दिले असते तर जळगावच्या घरात दोन माणसे शांत झोपली असती.

तुरुंगाची धमकीही सर्रास दिली जाते. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जॉली जॉर्ज व्हर्गिस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा खटला आला होता. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यात स्पष्ट केले, की ऐपत नसल्याने पैसे न देता येणे हे तुरुंगात टाकायला कारण होऊ शकत नाही. ऐपत असून दडवादडवी केली तर गोष्ट निराळी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही, म्हणून सहकर्जदार आईला असली भीती घालणारा सरळ खोटे बोलत असतो. सही केलेले कोरे किंवा पुढील तारखांचे चेक मात्र देऊ नयेत. चेक वटला नाही तर प्रकरण फौजदारी होते आणि तिथे दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कोर्टाशिवाय पगाराला कात्री लागते अशा दोन वाटा आहेत. कर्ज महाराष्ट्रातील सहकारी पतसंस्थेचे असेल आणि पगारातून कापण्याचे संमतिपत्र दिलेले असेल, तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे मालकाला कपात करावीच लागते. दुसरी वाट म्हणजे पगाराचे खाते कर्ज देणाऱ्या बँकेतच असणे. करारात तशी अट असेल तर बँक खात्यातली रक्कम कर्जाकडे वळती करू शकते. करारपत्राची प्रत मागून घेऊन हे कलम वाचायला हवे. घाईत सही करताना ते कोणी वाचलेले नसते.

अमेरिकेत परिस्थिती खरोखरच कडक आहे. तिथे सरकारी विद्यार्थी कर्ज थकले, तर कोर्टात न जाता केवळ नोटीस देऊन हातात येणाऱ्या पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत कपात करण्याची कायद्यात सोय आहे. तिकडच्या नातेवाइकांनी सांगितलेले ऐकून इकडचे कर्जदार हबकतात, पण तो कायदा इथला नव्हे.

इथली खरी चूक असते ती कोर्टाचे समन्स न घेण्याची. पत्ता बदललेला, पोस्टमन परत गेलेला, आणि दाव्याचा निकाल एकतर्फी लागलेला! असे झालेच तर तीस दिवसांच्या आत तो हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. समन्स घेऊन हजर राहिलेल्याला, बेकारीचे दीड वर्ष आणि आजचा पगार यांचे कागद दाखवून, न्यायालयाकडे हप्ते बांधून मागता येतात.

त्या आधीही बरेच करता येते. बँकेला लेखी कळवून मुदत वाढवून मागावी, फोनवर बोलून नव्हे. एजंट सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर फोन करत असेल, नातेवाइकांना किंवा सहकाऱ्यांना सांगून अब्रू काढत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या सूचनांचा तो भंग आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपालाकडे जावे. गंमत म्हणजे २०२१ च्या योजनेत देशभरातल्या टपाली तक्रारी स्वीकारणारे केंद्र चंडीगडच्याच सेक्टर १७ मध्ये ठेवले गेले. जळगावहून वडिलांनी धाडलेले पत्रही मुलाच्या खोलीपासून थोड्या अंतरावर येऊन पडणार!

तडजोडीसाठी लोकअदालत चांगली. तिथे फी लागत नाही आणि दावा लागण्यापूर्वीही प्रकरण नेता येते. पण तिच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून झेपेल तेवढाच हप्ता कबूल करावा. बँक काही रक्कम सोडायला तयार झाली, तर पतनोंदीत कर्ज 'सेटल्ड' लागणार की 'क्लोज्ड', हे सहीपूर्वी लेखी घ्यावे. पहिल्या शब्दाने पुढे घरकर्ज अडते. शेवटचा हप्ता भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला मागून घ्यावा आणि त्याची एक प्रत जळगावच्या फायलीतही असावी.