टाळे आणि ताळेबंद

लहान वस्तीतील वाचनालयाची शाखा बंद होते, तेव्हा मोर्चा निघत नाही की कोणी उपोषणाला बसत नाही. वाचक घटले, खर्च परवडत नाही, एवढी दोन कारणे नोंदवून दाराला टाळे लावले जाते. ही कारणे खोटी नसतील. परंतु ती पुरेशी आहेत काय?

रसायनी परिसराने तोट्यातला कारखाना बंद होताना पाहिला आहे. 1960 मध्ये स्थापन झालेल्या ज्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सभोवती ही वसाहत वाढली, तिचे येथील बहुतेक प्रकल्प बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने मे 2017 मध्ये घेतला. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतील. त्यामागचे गणित मात्र समजण्यासारखे होते. कारखान्याचा माल बाजारात विकला जातो, म्हणून त्याला नफा-तोटा असतो. वाचनालयाचा लाभ विकला जात नाही. मोहोपाड्यातील एखाद्या कंत्राटी कामगाराच्या मुलीने तेथे बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, तर त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात होत नाही. म्हणूनच कारखान्याचे माप वाचनालयाला लावणे हे अर्थशास्त्र नव्हे, केवळ हिशेबनिसी होय.

मूळ दुखणे आपल्या व्यवस्थेत आहे. महाराष्ट्राने 1967 मध्ये ग्रंथालय कायदा केला. परंतु मद्रास प्रांताने 1948 मध्येच स्वीकारलेला ग्रंथालय उपकर त्यात घेतला नाही. परिणामी आपली वाचनालये हक्काच्या उत्पन्नावर नव्हे, तर सरकारी अनुदानाच्या मर्जीवर जगतात. दहा वर्षांच्या प्रतीक्षेनंतर 2022 मध्ये अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तेव्हाही ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाच्या वाट्याला वर्षाला 48,000 रुपये, म्हणजे महिन्याला अवघे 4,000 रुपये आले. त्यातून सेवकाचे वेतन, वीजबिल आणि वृत्तपत्रे भागविल्यावर नव्या ग्रंथांसाठी उरते काय? नवे ग्रंथ नाहीत म्हणून वाचक येत नाहीत, आणि वाचक येत नाहीत म्हणून शाखा बंद! रोग्याला उपाशी ठेवून त्याच्या अशक्तपणाबद्दल त्यालाच दोष देण्याचा हा प्रकार आहे.

केवळ अनुदानासाठी कागदोपत्री चालणारी वाचनालयेही आहेत, हे 2012 च्या पडताळणीत उघड झाले. अशांना पाठीशी घालण्याचे कारण नाही. परंतु काही संस्थांच्या गैरकारभाराची शिक्षा प्रामाणिक वाचकाला का?

उपाय हाताशी आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले असून, त्या कार्यांच्या यादीत सार्वजनिक ग्रंथालयांचा स्पष्ट उल्लेख आहे. पाताळगंगेच्या काठी कारखान्यांची वाण नाही. ग्रामपंचायतीने जागा आणि वीज द्यावी, कारखान्यांनी ग्रंथखरेदीचा भार उचलावा, आणि शासनाने निदान सेवकाचे वेतन वेळेवर द्यावे. अर्थात कंपन्यांचे औदार्य हा कायमचा आधार नव्हे. उपकराचा प्रश्न विधिमंडळाने पुन्हा विचारात घेतलाच पाहिजे.

ज्याच्याजवळ पैसा आहे तो पनवेल-मुंबईहून पुस्तके आणील. ज्याच्याजवळ तो नाही, त्याच्यासाठीच गावात वाचनालय असते. टाळे लावण्यापूर्वी ते नेमके कोणाच्या तोंडावर लागत आहे, एवढे तरी पाहावे.