शंभराच्या पलीकडचे टेनिस

संपादक महोदय,


ग्रँड स्लॅम स्पर्धा आली की क्रीडापानांवर एक ठरावीक मजकूर हमखास येतो. जागतिक क्रमवारीत शंभराबाहेरचा कुणी खेळाडू एखाद्या मानांकिताला गारद करतो, ‘अज्ञात खेळाडूचा चमत्कार’ असा मथळा लागतो, आणि दोन दिवसांनी तो हरला की त्याचे नावही कुणाला आठवत नाही. आक्षेप आहे तो या चमत्काराच्या कथेला. ती ऐकायला गोड आहे, पण टेनिसचा पैसा कुठे जातो आणि कुठे पोहोचत नाही, हे ती झाकून टाकते.

रशियाचा अस्लान करात्सेव घ्या. २०२१ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तो उतरला तेव्हा वय २७, क्रमांक ११४. त्याआधी ग्रँड स्लॅमच्या पात्रता फेरीत तो नऊ वेळा अडकला होता. कोविडमुळे त्या वर्षीची पात्रता फेरी मेलबर्नऐवजी दोहात झाली; ती पार करून तो मुख्य स्पर्धेत आला आणि थेट उपान्त्य फेरीत पोहोचला. आठव्या मानांकित श्वार्ट्झमनला त्याने सरळ सेटमध्ये घालवले. ओजे-आलियासिमविरुद्ध पहिले दोन सेट गमावूनही तो जिंकला. पाठदुखीने बेजार झालेल्या दिमित्रोवलाही त्याने हरवले. शेवटी जोकोविचने त्याला रोखले. ग्रँड स्लॅमच्या मुख्य स्पर्धेत पहिल्यांदाच खेळताना उपान्त्य फेरी गाठणारा खुल्या युगातला तो पहिला पुरुष खेळाडू.

त्या उपान्त्य फेरीचे बक्षीस होते साडेआठ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. त्याच्या तोवरच्या अख्ख्या कारकिर्दीची बक्षिसाची कमाई होती सुमारे ६ लाख १८ हजार अमेरिकी डॉलर. म्हणजे एका पंधरवड्याने मागच्या सगळ्या वर्षांना मागे टाकले. चमत्कार शोधायचाच असेल, तर तो या हिशेबात शोधावा.

मागची ती वर्षे कशी गेली? जन्म उत्तर ओसेशियातल्या व्लादिकावकाझचा. लहानपण इस्रायलमध्ये, तिथेच हातात रॅकेट आली. बाराव्या वर्षी वडिलांबरोबर रशियात परत. मग तागान्रोग, मॉस्को, जर्मनीतले हाले, बार्सिलोना असे बिऱ्हाड पाठीवर. २०१७ मध्ये गुडघा दुखावला. अखेर बेलारूसच्या येगोर यात्सिक या प्रशिक्षकाकडे, मिन्स्कमध्ये, त्याची घडी बसली. २०२० च्या वसंतात टेनिस थांबले तेव्हा तो अडीचशेच्या आसपास होता. खेळ सुरू झाल्यावर त्याने प्राग आणि ऑस्ट्राव्हाच्या चॅलेंजर (मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालच्या) स्पर्धा जिंकल्या. मेलबर्नची गोष्ट तिथे सुरू होते. पण प्रागचा निकाल छापतो कोण?

तळाच्या पायरीवरचा हिशेब तर रुपया-पैशात मांडण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या (आयटीएफ) १५ हजार डॉलरच्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला १५६. एवढ्यात विमान, हॉटेल, जेवण आणि रॅकेटचे गटिंग. ताण सुटला की तार बदलावी लागते, आणि एका रॅकेटवर कुणी सामना खेळत नाही. प्रशिक्षक बरोबर नेणे म्हणजे दुसरे तिकीट, दुसरी खोली. गुडघा सुजला तर फिजिओ कुठला? टेनिसमधल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये सांगितले, की पुरुषांत आणि महिलांत जेमतेम पहिले अडीचशे ते साडेतीनशे खेळाडूच खर्च भरून काढतात. सामने ‘फिक्स’ करणाऱ्यांचे फावते ते याच खालच्या थरात, हेही त्याच समितीचे म्हणणे.

यावर कुणी म्हणेल, गुणवत्ता असती तर वर आला असता. मग येवगेनी दोन्स्कोयचे काय करायचे? मार्च २०१७, दुबई. फेडरर नुकताच ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून आलेला, समोर ११६ वा दोन्स्कोय. फेडररने तीन मॅच पॉइंट दवडले, तिसऱ्या सेटमधली ५-२ ची आघाडीही घालवली, आणि दोन्स्कोय जिंकला. एटीपीचे, म्हणजे पुरुषांच्या मुख्य दौऱ्याचे, एकेरीचे एकही विजेतेपद त्याच्या नावावर नाही, क्रमवारीत तो कधी ६५ च्या वर गेला नाही. पण त्या संध्याकाळी ऑस्ट्रेलियन ओपनचा विजेता आणि एकशे सोळावा यांतले अंतर किती होते, ते जगाने पाहिले. हे अंतर फटक्यांचे कमी, आणि वर्षातले चाळीसेक आठवडे तोच खेळ टिकवण्याचे जास्त. टिकवायला माणसे लागतात, माणसांना पगार लागतो.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. मेलबर्ननंतर पैसा आला, तरी करात्सेव घसरलाच ना? खरे आहे. त्याने दुबई, मॉस्को आणि सिडनी जिंकले, बेलग्रेडमध्ये जोकोविचला त्याच्याच गावात हरवले, व्हेस्निनासह टोकियो ऑलिम्पिकमध्ये मिश्र दुहेरीचे रौप्य घेतले, फेब्रुवारी २०२२ मध्ये चौदावा झाला, आणि मग पुन्हा शंभराबाहेर गेला. पैशाने सगळे सुटते असा दावा कुणी करूही नये. पण क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळतात, शरीर तिशीकडे झुकते, आणि ज्याची उमेदीची वर्षे पै-पैच्या हिशेबात गेली त्याच्या वाट्याला अशा वर्षांची रांग येत नाही. तरीही मे २०२३ मध्ये माद्रिदला हाच गडी १२१ वा असताना पात्रता फेरीतून आला, मेदवेदेवला हरवून उपान्त्य फेरीत गेला, आणि तिथे हरला तो श्ट्रुफकडून, ज्याला त्याने पात्रता फेरीत घरी पाठवले होते! श्ट्रुफला एका माघारीमुळे पुन्हा प्रवेश मिळाला होता.

रशियापुरते बोलायचे तर, खेळाडू वर येण्याआधीच त्याला आधार द्यावा लागतो, हे शेजारच्या कझाकस्तानने कधीच ओळखले. त्यांच्या टेनिस महासंघाने मॉस्कोत जन्मलेल्या रिबाकिनाला २०१८ मध्ये, ती दीडशेच्याही बाहेर असताना, आपलेसे केले. २०२२ मध्ये रशियन खेळाडूंना विम्बल्डनची दारे बंद होती. ते विम्बल्डन जिंकले तिनेच. रशियाचा बुब्लिकही असाच तिकडे गेला. त्याच बुब्लिकला जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला आपल्या सुमित नागलने हरवले, आणि त्याच नागलने त्याआधी काही महिने सांगितले होते की खात्यात जेमतेम ९०० युरो उरलेत.

एटीपीने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली: त्या वर्षी पहिल्या शंभरांना वर्षाला ३ लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत ७५ हजार. पाऊल चांगले आहे, पण रेघ चुकीच्या जागी ओढली आहे. करात्सेव ज्या काळात सर्वाधिक अडचणीत होता, त्या काळात तो या रेघेच्या खालीच राहिला असता. ही हमी निदान साडेतीनशेव्या क्रमांकापर्यंत जायला हवी, आणि त्यासाठी ग्रँड स्लॅमच्या विजेत्यांच्या बक्षिसात दरवर्षी होणारी वाढ थोडी थांबली तरी कुणाचे काही बिघडणार नाही.

क्रीडापानाकडून मागणे त्याहून साधे आहे. करात्सेव जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र ओपनच्या उपान्त्य फेरीत खेळला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातल्याच बालेवाडीची चॅलेंजर मोनाकोच्या वाशरोने जिंकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये २०४ व्या क्रमांकावर असताना त्याने शांघाय मास्टर्स जिंकली, तेव्हा त्याला ‘अज्ञात’ म्हणण्याची मुभा निदान पुण्याच्या वाचकांना नव्हती. यापुढे बालेवाडीत चॅलेंजर होईल तेव्हा एखाद्या वार्ताहराला रविवारी-सोमवारी पात्रता फेरीलाही पाठवावे आणि ते निकाल, गुणांसकट, छापावेत.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे