व्हिडिओ थांबवा, हात चालवा

"आमचा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला व्हिडिओच दाखवा," असं गेल्या आठवड्यात एका आईनं मला सांगितलं. मुलगा सातवीत. कुठेतरी एक प्रश्नावली भरून घेतली आणि हा शिक्का बसला. त्याच्यासोबत 'मला वाचून कळत नाही' ही समजूतही पोराच्या मनात शिरली, याचं मला फार वाईट वाटलं.

आवड खरी असते. कुणाला पाहायला आवडतं, कुणाला ऐकायला. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त समजतं, हा दावा वेगळा. २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं संशोधन तपासलं. दावा खरोखर पारखतील असे प्रयोग मोजकेच निघाले आणि त्यांतल्या काहींचे निष्कर्ष थेट उलटे होते. नकाशा पाहावाच लागतो, उच्चार ऐकावाच लागतो. ते विषय ठरवतो, मुलाचा शिक्का नव्हे.

मग संगणकाच्या पडद्यावरचं काम आवाजासह रेकॉर्ड करून दाखवणारे स्क्रीनकास्ट उपयोगी का पडतात? आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प पाहा. साधारण दहा मिनिटांचा एकेक पाठ. पडद्यावरचा मेनू इंग्रजीच, कारण खऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तो तसाच दिसणार. समजावणारा आवाज मात्र मराठीत मिळतो, आणि इतर भारतीय भाषांतही. रेकॉर्डिंगच्या आधी संहिता विषय न जाणणाऱ्या नवख्याकडून तपासून घेतात. ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. जाणकाराला आपण काय गाळलं ते दिसतच नाही. आणि शिकणाऱ्याला सूचना अशी की एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडा. थोडं पाहा, थांबवा, स्वतः करा.

सगळं बळ त्या थांबवण्यात आहे. वर्गात सरांना पाच वेळा "पुन्हा सांगा" म्हणायची लाज वाटते, व्हिडिओ कितीदाही मागे नेता येतो. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतही शिकणाऱ्यानं आपल्या गतीनं पुढे नेलेले छोटे तुकडे सलग धड्यापेक्षा सरस ठरले. म्हणून शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: तासाभराचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नका. तुकडे करा, कर्सर सावकाश फिरवा, कुठे क्लिक करताय ते बोला. बोलताय तेच सगळं पडद्यावर लिहून ठेवू नका, लक्ष दुभंगतं. चूक झाली तर ती कापू नका, कशी सुधारली ते दाखवा.

त्या मुलाला मी लिबरऑफिस कॅल्क या स्प्रेडशीटचा एक पाठ लावून दिला. दहा मिनिटांच्या पाठाला त्याला पाऊण तास लागला. एकदा बेरीज चुकली, तेव्हा तो मागे गेला, पुन्हा पाहिलं, सूत्रातला कंस दुरुस्त केला. निघताना त्याची वही पाहिली. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यानं सगळ्या पायऱ्या क्रमानं लिहून काढल्या होत्या, आणि शेवटची पायरी आईला मोठ्यानं वाचून दाखवत होता.